ध्वनिमुद्रिकेबाहेरचे सत्यजित राय : लघुपटांतील संगीताचा आस्वाद

प्रास्ताविक

‘चित्रपटसंगीत’ हा शब्द मराठीत उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात गाणे उभे राहते. पार्श्वसंगीत हा त्या शब्दाचा दुय्यम अर्थ ठरतो. आपल्या महाविद्यालयांतील चर्चासत्रांमध्ये चित्रपटसंगीतावर जे निबंध वाचले जातात, त्यांतील बहुतेक गीतांच्या आशयाविषयी असतात, काही चालींविषयी असतात आणि एखाददुसराच वाद्यसंगीताकडे वळतो. यामागे रुचीचा प्रश्न आहेच, पण त्याहून साधे एक कारण आहे. गाणे ध्वनिमुद्रिकेवर मिळते, ते पुन्हा पुन्हा ऐकता येते, त्याचे शब्द वहीत उतरवून घेता येतात. पार्श्वसंगीत मात्र चित्रपटाच्या ध्वनिपट्टीत संवाद, पावलांचे आवाज आणि दारांची करकर यांच्यात मिसळलेले असते. जे वेगळे काढता येत नाही त्याचा अभ्यास होत नाही, आणि ज्याचा अभ्यास होत नाही ते गौण मानले जाते.

प्रस्तुत लेखात सत्यजित राय (१९२१-१९९२) यांच्या संगीतरचनेचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे. राय हे दिग्दर्शक म्हणून जगन्मान्य आहेत. संगीतकार म्हणून त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते ‘चारुलता’ (१९६४) आणि ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) या दोन चित्रपटांभोवती फिरते. ते योग्यच आहे. परंतु त्यांचे लघुपट, अनुबोधपट, दूरचित्रवाणीसाठी केलेले चित्रपट आणि इतर दिग्दर्शकांसाठी दिलेले संगीत हा भाग जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे. त्यातील बराचसा भाग स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने रसिकांपर्यंत पोहोचला नाही. एक चित्रपट तर दीर्घकाळ बंदीत अडकला. हा भाग बाजूला ठेवला तर राय यांच्या संगीतविचारातील एक महत्त्वाचे अंग आपल्या लक्षातच येत नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

संगीतकार होण्यापूर्वीचा संगीतकार

राय यांनी आपल्या पहिल्या काही चित्रपटांचे संगीत स्वतः दिले नाही, हे सर्वज्ञात आहे. ‘पथेर पांचाली’ला (१९५५) रविशंकर, ‘जलसाघर’ला (१९५८) विलायत खाँ आणि ‘देवी’ला (१९६०) अली अकबर खाँ, अशी संगीतकारांची नामावली कोणत्याही दिग्दर्शकाला हेवा वाटावा अशी आहे. ‘पथेर पांचाली’चे संगीत एका दीर्घ बैठकीत, रात्रभर जागून ध्वनिमुद्रित झाले. मिठाईवाल्याच्या मागे मुले जातात त्या प्रसंगाची सुरावट छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी स्वतः सतारीवर वाजवलेली आहे. चित्रपटसंगीत कसे घडते याविषयीचे आपले अनेक भाबडे समज या एका तपशिलाने दूर व्हावेत.

‘तीन कन्या’पासून (१९६१) राय यांनी स्वतःच संगीत देण्यास प्रारंभ केला. थोर वादक दौऱ्यांवर असत, त्यांचा वेळ मिळणे कठीण होत चालले होते. शिवाय राय यांच्या मनात संगीताच्या कल्पना इतक्या नेमक्या असत की त्या दुसऱ्याकडून करवून घेणे अवघड जात असे. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे त्यांचे श्रवण तरुणपणापासूनचे होते आणि पियानोवर बसून ते रचना करीत. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत, म्हणजे आपल्याकडचे व्यापारी वापरीत तशाच वह्यांत, पटकथा, रेखाचित्रे, वेशभूषेचे आराखडे आणि स्वरलेखन एकत्र नांदताना दिसते. संगीत ही चित्रपट पूर्ण झाल्यावर वरून घालावयाची वस्तू आहे, असे मानणाऱ्याची ही वही नव्हे.

याच संगीतकाराने, आपण एकटेच प्रेक्षक असतो तर चित्रपटात संगीत वापरलेच नसते, अशा आशयाचे विधान केले आहे. या विधानाकडे विनोद म्हणून पाहिले जाते. मला ते त्यांच्या लघुपटांची किल्ली वाटते.

पूर्ण लांबीच्या चित्रपटात संगीतकाराला सुरावट पेरता येते आणि ती पुन्हा पुन्हा उगवू देता येते. ‘चारुलता’तील मुख्य सुरावट रवींद्रनाथांच्या एका गीताच्या चालीतून निघते. ती ज्या ज्या वेळी येते त्या त्या वेळी चारूच्या एकाकीपणाचा एक नवा पदर उलगडतो. आपल्या ख्यालगायनाच्या श्रोत्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही, कारण मुखडा परत येतो तेव्हा तो तोच नसतो. परंतु पंधरा-वीस मिनिटांच्या चित्रपटात परतण्यास अवकाश कोठून आणावयाचा? तेथे संगीत एकदाच येते. ते घटना म्हणून येते, पात्रासारखे येते, किंवा येतच नाही.

‘टू’ : बंदुकीच्या टप्प्याबाहेरची बासरी

‘टू’ (१९६४) हा सुमारे १२ ते १५ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट एसो या तेल कंपनीच्या पुरस्काराने अमेरिकेतील दूरचित्रवाणीसाठी तयार झाला. इंग्रजीत चित्रपट करावा अशी अपेक्षा होती. राय यांनी बंगाली वातावरणात इंग्रजी संवाद घालण्याऐवजी संवादच काढून टाकले. मूकपटाला वाहिलेली आदरांजली म्हणून या लघुपटाचा उल्लेख होतो, आणि तो बरोबर आहे. पण ज्या चित्रपटाचे सारे नाट्य कोण कोणता आवाज काढतो यावर अवलंबून आहे, त्याला मूक म्हणणे गमतीचे आहे.

कथा दोन मुलांची. एक श्रीमंत घरात एकटा, खेळण्यांच्या ढिगात बसलेला. दुसरा खिडकीखालच्या मोकळ्या जागेतल्या झोपडीतला. घरातल्या मुलाला बाहेरून बासरी ऐकू येते. तो खिडकीशी येतो, खाली पाहतो आणि आपला खेळण्यातला कर्णा आणून जोराने फुंकतो. खालचा मुलगा ढोल घेऊन येतो. वरचा किल्लीवर चालणारे ढोलवाले माकड दाखवतो. मुखवट्याला मुखवटा, शस्त्राला शस्त्र असा हा सामना वाढत जातो. हिरमुसलेला गरीब मुलगा निघून जातो आणि पतंग घेऊन परत येतो. पतंगाला उत्तर देणारे खेळणे श्रीमंत मुलाजवळ नाही. तो गलोल वापरून पाहतो आणि मग हवेची बंदूक आणून पतंग पाडतो.

येथपर्यंत ही कथा वर्गसंघर्षाचे सोपे चित्र आहे, असे कोणी म्हणेल. व्हिएतनाम युद्धाचे रूपकही काहींनी त्यात पाहिले आहे. मला त्या अर्थांचे वावडे नाही, पण ते चित्रपट आवाज बंद ठेवून पाहिला तरीही हाती लागतात. आमच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळात मी हा प्रयोग केला. प्रथम आवाज बंद ठेवून आणि नंतर आवाजासह असा हा लघुपट विद्यार्थ्यांना दोनदा दाखवला. पहिल्या खेपेस सर्वांच्या मते श्रीमंत मुलगा जिंकला होता, कारण पतंग फाटला होता. दुसऱ्या खेपेस असे म्हणणारा एकही उरला नाही.

याचे कारण शेवटच्या एका मिनिटात आहे. पतंग पाडल्यावर मुलगा समाधानाने खेळण्यांकडे परततो. किल्ल्या दिल्या जातात, यांत्रिक खडखडाट सुरू होतो आणि त्या गोंगाटातून बासरी पुन्हा ऐकू येते. पतंग दिसतो म्हणून पाडता येतो. सूर दिसत नाही, त्यावर नेम धरता येत नाही. यंत्रमानवाचे खेळणे आपल्या गतीने चालत जाऊन ठोकळ्यांचा मनोरा पाडते आणि मुलगा बसून राहतो. बासरी परत येते ती एकदाच, आणि तेथेच चित्रपट संपतो. ‘चारुलता’तील सुरावट जे काम अनेक आवर्तनांत करते ते येथे एका पुनरागमनात झाले आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. ही बासरी पार्श्वसंगीत नव्हेच, ती कथेतील पात्राने वाजवलेली आहे, मग तिचे श्रेय संगीतकाराला का द्यावे? माझे उत्तर असे की पात्राने वाजवलेले आणि पात्राला ऐकू न येणारे अशी संगीताची विभागणी पूर्ण लांबीच्या चित्रपटात उपयुक्त असली, तरी या लघुपटात राय तिचाच कथाविषय करतात. खिडकीच्या आत जे वाजते ते विकत घेतलेले आहे आणि ते किल्ली संपली की थांबते. बाहेर जे वाजते ते श्वासावर चालते. कोणता आवाज कोठून यावा, किती वेळ चालावा आणि कोणत्या आवाजाखाली दबून पुन्हा वर यावा, हे ठरवणे म्हणजेच संगीतरचना. असे संगीत ध्वनिमुद्रिकेवर वेगळे काढून ऐकवले तर बासरीची एक साधी धून आणि खेळण्यांचा खडखडाट एवढेच हाती राहील. हे संगीत प्रकाशित झाले नाही याची खंत करताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

‘द इनर आय’ : प्रकाशाविना सकाळ

‘द इनर आय’ (१९७२) हा सुमारे २० मिनिटांचा अनुबोधपट फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला आहे. चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) हे शांतिनिकेतनातील कलाभवनात राय यांचे शिक्षक होते. लहानपणापासून अधू असलेली त्यांची दृष्टी १९५७ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. त्यानंतरही त्यांनी काम सोडले नाही. चित्रपटाचे निवेदन स्वतः राय यांचे आहे आणि ते कमालीचे संयत आहे. गुरूविषयीचा जिव्हाळा शब्दांत कोठे सांडलेला नाही. तो साठवून ठेवला आहे आणि अखेरीस संगीताकडे सोपवला आहे.

अखेरीस निखिल बॅनर्जी यांच्या सतारीवर आसावरी येतो. हा राग येथे आशावादाचे सूचन करतो, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. मराठी वाचकाला, विशेषतः ज्याने रागसंगीताच्या मैफली ऐकल्या आहेत त्याला, हे विधान थोडे अडखळायला लावील. आसावरी हा दिवसाच्या दुसऱ्या प्रहराचा राग. त्यातील गंधार, धैवत आणि निषाद कोमल असतात, तर रिषभ शुद्ध घ्यावा की कोमल यावर परंपरांत मतभेद आहेत. आपल्याकडे त्याचा भाव करुण, विनवणीचा मानला जातो. मग आशावाद कोठून आला?

मला वाटते, तो रागाच्या भावातून नव्हे तर समयातून आला. ज्या माणसाला प्रकाश दिसत नाही त्याच्यासाठी राय यांनी सकाळचा राग निवडला. रात्रीचा राग निवडला असता तर तो अंधत्वाचे वर्णन झाला असता आणि प्रसंग पुनरुक्त झाला असता. सकाळचा, पण उल्हासाचा नव्हे असा राग घेतल्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी साधतात. गेलेली दृष्टी परत आलेली नाही, हे कोमल स्वर विसरू देत नाहीत. दिवस मात्र सुरू झालेला आहे आणि काम पुढे पडलेले आहे. याला नुसता ‘आशावाद’ म्हटल्याने अर्थ पातळ होतो. पाश्चात्त्य समीक्षकांच्या हातून हा बारकावा सुटणे समजण्यासारखे आहे. आपल्या हातून तो सुटू नये.

आणखी एक गोष्ट. येथे रचना राय यांची नाही, राग परंपरेचा आहे आणि वादन निखिल बॅनर्जी यांचे आहे. तरीही हा संगीतकाराचा निर्णय आहे. कोणता राग, कोणाच्या हातून आणि किती वेळ थांबून, हे ज्याला कळले त्याला स्वतःची चाल बांधण्याची गरज भासली नाही.

हाच विनय आणखी एका अनुबोधपटात दिसतो. ‘बाला’ (१९७६) हा नृत्यांगना टी. बालासरस्वती यांच्यावरील सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, तमिळनाडू शासनाच्या सहकार्याने निर्माण केला. त्यात समुद्रकिनारी वाऱ्याला तोंड देत केलेले अभिनयाचे दृश्य आहे. संगीत अर्थातच त्या नृत्याच्या परंपरेचे आहे आणि राय त्यापासून दूर उभे राहतात. हा चित्रपट निष्प्रभ झाला आहे, कॅमेरा फार स्थिर आहे, अशी तक्रार अनेकांनी केली आहे. ती पूर्णपणे निराधार नाही.

दुसऱ्याच्या घरी

राय यांनी इतर दिग्दर्शकांसाठी दिलेले संगीत हा तुलनेसाठी उत्तम आधार आहे. जेम्स आयव्हरी यांच्या ‘शेक्सपिअरवाला’ (१९६५) या चित्रपटाचे संगीत त्यांचे आहे. नित्यानंद दत्त यांच्या ‘बाक्स बदल’ या बंगाली विनोदी चित्रपटाची पटकथा आणि संगीत दोन्ही त्यांनी दिली. या रचना सुरेल आहेत, त्यांचा वाद्यमेळ नेटका आहे आणि त्या स्वतंत्रपणे ऐकायला आनंद देतात. पण माझ्या मते त्या राय यांच्या सर्वोत्तम संगीतात बसत नाहीत. ‘शेक्सपिअरवाला’तील मावळत्या नाटकमंडळीची उदासी पडद्यावर पुरेशी दिसत असताना संगीत ती पुन्हा सांगते. येथे मौन कोठे ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार संगीतकाराकडे नव्हता. स्वतःच्या चित्रपटात राय दिग्दर्शक म्हणून संगीतकाराला गप्प बसवू शकत. दुसऱ्याच्या घरी गेलेला पाहुणा मात्र जरा जास्तच बोलतो.

गंमत अशी की जगभरच्या तरुण श्रोत्यांना राय यांच्या संगीताची ओळख झाली ती याच रचनांमुळे. अमेरिकन दिग्दर्शक वेस अँडरसन यांनी आपल्या ‘द दार्जीलिंग लिमिटेड’ (२००७) या चित्रपटात ‘तीन कन्या’, ‘चारुलता’, ‘जय बाबा फेलुनाथ’, ‘शेक्सपिअरवाला’ आणि ‘बाक्स बदल’ यांतील तुकडे वापरले आणि ते ध्वनिमुद्रिकेवरही आले. बनारसमधील एका मुलाच्या खोलीसाठी रचलेली सुरावट राजस्थानातून धावणाऱ्या आगगाडीवर वाजू लागली. याला सांस्कृतिक उसनवारी म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण ‘बाक्स बदल’चे नावही न ऐकलेल्या श्रोत्यापर्यंत त्यातील संगीत पोहोचले, हे काम आपल्या कोणत्याही संस्थेने केले नव्हते, हे मान्य करावे लागेल. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की निवडले गेले ते वेगळे काढता येणारे संगीत. ‘टू’ची बासरी अशी निवडता येत नाही.

‘सिक्कीम’ आणि ‘सद्‌गती’

‘सिक्कीम’ (१९७१) हा अनुबोधपट तत्कालीन चोग्याल यांच्या सांगण्यावरून तयार झाला. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात विलीन झाल्यानंतर त्याच्या प्रदर्शनावर बंदी आली आणि ती २०१० मध्ये उठली. त्याच वर्षी कोलकाता चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पण न्यायालयीन मनाईमुळे प्रदर्शन लगेचच पुन्हा थांबले. अप्रकाशित संगीताविषयी बोलताना आपण सहसा ध्वनिमुद्रिका कंपन्यांना दोष देतो. येथे संगीतासह सबंध चित्रपटच साडेतीन दशके श्रोत्यांपासून दूर होता. त्या काळात राय यांच्या संगीतावर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला असणे शक्य नव्हते, आणि त्यांची विवेचने त्या मर्यादेसह वाचावी लागतात.

या चित्रपटाच्या सुरुवातीविषयी राय आत्मीयतेने बोलत. रज्जुमार्गावरील दोन पाळणे समोरासमोर येत आहेत. ते भेटणार तोच दृश्य बदलते आणि पावसात भिजलेल्या तारेवरून दोन थेंब एकमेकांकडे सरकताना दिसतात. वाद्य कोणतेही असो, ही लय चित्रचौकटीतच रचलेली आहे. संगीतकार राय आणि संकलनाच्या मेजाशी बसलेले राय यांच्यात येथे भेद करणे मला जमत नाही.

‘सद्‌गती’ (१९८१) हा प्रेमचंदांच्या कथेवरील चित्रपट दूरदर्शनसाठी झाला. तासाभराहून कमी लांबीचा हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात ओम पुरी यांच्यासमवेत स्मिता पाटील आणि मोहन आगाशे आहेत. (विजय तेंडुलकरांच्या नाटकात ज्यांनी घाशीरामाला नाचवणारा नाना फडणवीस उभा केला, ते आगाशे येथे घासीराम नावाचाच पंडित आहेत. हा योगायोग प्रेमचंदांच्या कथेतूनच आलेला आहे.) त्या नाटकात भास्कर चंदावरकरांच्या संगीताने सत्तेचा उत्सव मांडला होता. ‘सद्‌गती’त उत्सवाला जागाच नाही. उपाशी आणि आजारी दुखी पंडिताच्या दारातला ओंडका फोडतो आहे. ओंडका फुटत नाही. कुऱ्हाड पडते, पुन्हा पडते, घाव कोरडा वाजतो. त्या घावांना ताल आहे, पण सम नाही. येथे तंतुवाद्याचा एक करुण सूर जोडला असता तर प्रेक्षकाला रडण्याची सोय झाली असती. ती सोय राय देत नाहीत. दुखीच्या दुःखावर आपण हळहळलो म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे वाटू न देण्याचा हा निर्णय नैतिक आहे, आणि तो संगीतकाराने घेतलेला आहे.

अशा निर्णयाची ध्वनिमुद्रिका निघत नाही. तो ऐकण्यासाठी चित्रपटच पाहावा लागतो, आणि आपल्या वर्गांत तो दाखवावा लागतो. ‘टू’ आज आंतरजालावर सहज पाहता येतो. त्यासाठी तासिकेतील पंधरा मिनिटे पुरतात. उरलेल्या वेळात तो आवाज बंद ठेवून पुन्हा एकदा पाहता येतो.